ट्रॅकवरून पडद्यापुढे : शर्यतीच्या चालकाचे माध्यमांतर

२०२० च्या मार्च महिन्यात साथीच्या रोगामुळे जगातील मोटारींच्या शर्यती एकामागून एक बंद पडल्या. अमेरिकेतील नॅसकार ह्या संस्थेने १३ मार्च रोजी आपली अटलांटा येथील शर्यत पुढे ढकलली. आणि त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, म्हणजे २२ मार्चला, त्याच संस्थेच्या चालकांची एक शर्यत दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झाली. ह्या शर्यतीत एकही गाडी जागची हलली नाही. चालक आपापल्या घरी, संगणकाच्या पडद्यासमोर, टेबलाला वा लोखंडी सांगाड्याला जोडलेले स्टिअरिंगचे चाक हाती घेऊन बसले होते. फ्लॉरिडातील होमस्टेड-मायामी येथील शर्यतमार्ग पडद्यावर उभा केलेला होता. सुमारे नऊ लक्ष प्रेक्षकांनी ती शर्यत पाहिली. डेनी हॅम्लिन ह्याने शेवटच्या क्षणी डेल अर्नहार्ट धाकटा ह्यास मागे टाकून ती जिंकली. हॅम्लिनने महिनाभरापूर्वीच डेटोना येथील ५०० मैलांची खरी शर्यत जिंकलेली होती. मात्र घरातल्या ह्या शर्यतीत त्याच्या पायांत बूट नव्हते. तो अनवाणी बसला होता. ह्या अनवाणी पायांकडे पुढे पुन्हा वळावे लागेल.

पुढच्याच आठवड्यात, २९ मार्च रोजी, टेक्सास येथील मार्गाच्या प्रतिरूपावर टिमी हिल हा चालक विजयी झाला. नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेत हिलच्या नावावर तोवर एकही विजय नव्हता. अल्प भांडवलाच्या संघांसाठी गाडी चालविणारा, बहुधा मागच्या फळीत शर्यत संपविणारा असा हा चालक. परंतु पडद्यावरच्या शर्यतींचा त्याचा सराव अनेक वर्षांचा होता. त्यानंतर विल्यम बायरन ह्या तरुण चालकाने सात शर्यतींच्या त्या मालिकेपैकी तीन जिंकल्या. बायरन किशोरवयात घरच्या संगणकावर शर्यती करीत करीत खऱ्या गाडीपर्यंत पोहोचला होता. उलट ज्यांच्या कपाटात खऱ्या करंडकांची दाटी होती असे कित्येक ज्येष्ठ चालक त्या वसंतऋतूत भिंतींवर आदळत, गिरक्या खात, मागच्या क्रमांकांवर राहिले. हा अपमान पचविणे सोपे नव्हते, कारण तो लाखो लोकांसमोर होत होता.

ह्या घटनेविषयी दोन मते सर्रास ऐकू येतात. पहिले असे की, पडद्यावरची शर्यत हा पोरखेळ असल्यामुळे तीत खरा चालक हरला तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. दुसरे ह्याच्या नेमके उलट : गाडी चालविण्याचे कौशल्य म्हणजे अखेर डोळे आणि हात ह्यांचेच कौशल्य असून ते दोन्हीकडे सारखेच आहे, तेव्हा जो हरला तो मुळातच कमी प्रतीचा. ही दोन्ही मते एकाच चुकीतून निघतात. चालकाला गाडीकडून काही सांगितले जाते व तो त्यास उत्तर देतो, हा जो संवाद, त्याच्या माध्यमाचा विचार दोहोंतही नाही. ट्रॅकवरून सिम्युलेटरकडे जाणारा चालक खऱ्याकडून खोट्याकडे जात नाही. तो एका चिन्हव्यवस्थेकडून दुसऱ्या चिन्हव्यवस्थेकडे जातो. बोलून-ऐकून आत्मसात केलेली भाषा एखाद्या प्रौढ मनुष्यास अकस्मात केवळ लिहून-वाचून वापरावी लागावी, तसा हा प्रकार आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांना ह्या विषयात रस वाटावा तो एवढ्यासाठीच.

आधी शब्दाविषयी थोडे. मराठीत अशा शर्यतीला ‘आभासी शर्यत’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. ‘आभास’ ह्या शब्दाला आपल्या शास्त्रीय परंपरेत दोषाचा वास आहे. हेत्वाभास म्हणजे हेतूसारखा दिसणारा पण हेतू नसलेला. रसाभास म्हणजे अनुचित स्थळी योजलेला रस. ‘आभासी’ म्हटले की निवाडा आधीच होऊन जातो. येथे म्हणून ‘सिम्युलेटर’ हा रूढ शब्दच ठेवला आहे. हे यंत्र फसविण्यासाठी नाही. गाडीच्या गतीचे गणित सोडवून त्याचे उत्तर डोळ्यांना, कानांना व हातांना कळविण्यासाठी आहे.

ते गणित सामान्य नव्हे. नॅसकारने वापरलेली आयरेसिंग ही प्रणाली डेव्ह केमर आणि जॉन हेन्री ह्यांनी २००४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची. ती लोकांसाठी २००८ मध्ये खुली झाली. तीत गाडीच्या स्थितीचे गणित सेकंदाला ३६० वेळा नव्याने मांडले जाते. प्रत्येक टायरवर किती भार आहे, तो कोणत्या कोनात घसरत आहे, त्याचा पृष्ठभाग किती तापला आहे, ह्यावरून त्याची पकड ठरते. मार्गाची नोंद लेसर किरणांनी केलेली असते व त्यामुळे डांबरातला लहानसा उंचवटाही गणितात उतरतो. ह्या नोंदीच्या काटेकोरपणाची एक कथा सांगण्याजोगी आहे. नॉर्थ कॅरोलायनातील नॉर्थ विल्क्सबरो हा जुना मार्ग १९९६ नंतर नॅसकारच्या सर्वोच्च मालिकेने सोडून दिला होता व त्यावर तण माजले होते. लेसरला डांबर आणि गवत ह्यांतला भेद कळत नाही. गवत राहिले तर प्रतिरूपातही टेंगळे उमटणार. म्हणून २०१९ च्या डिसेंबरात अर्नहार्ट धाकटा व इतर मंडळींनी तेथे जाऊन स्वहस्ते तण उपटले, मार्ग झाडला, आणि मग नोंद झाली. २०२० च्या मे महिन्यात त्या मालिकेची अखेरची शर्यत ह्याच प्रतिरूपावर झाली. खरा मार्ग पुढे दुरुस्त होऊन २०२३ मध्ये तेथे नॅसकारची मोठी शर्यत भरली. मूळ वस्तू ओस पडलेली असताना तिची प्रत नांदत होती, हा क्रम विलक्षण खरा.

गणित एवढे बिनचूक असताना अनुभवी चालकाची अडचण कोठे होते? गणित जेथे संपते व शरीर जेथे सुरू होते, तेथे.

खऱ्या गाडीचे मागचे चाक वळणावर घसरू लागले की ती घटना चालकाला अनेक मार्गांनी एकाच वेळी कळते. अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका गाडी फिरू लागल्याचे ताबडतोब सांगतात. आसनाला टेकलेली पाठ व कंबर बाजूला ढकलली जाते. स्टिअरिंगचा हातातला ताण बदलतो. टायरच्या आवाजाचा सूर बदलतो. आणि सर्वांत शेवटी समोरचे दृश्य सरकलेले डोळ्यांना दिसते. सिम्युलेटरमध्ये पहिले दोन संदेश अजिबात येत नाहीत. आवाज येतो तो ध्वनिक्षेपकाने जेवढा दिला तेवढाच. राहिले हात आणि डोळे. जो चालक आयुष्यभर पहिल्या संदेशावरच हात हलवीत आला, तो आता शेवटच्या संदेशाची वाट पाहतो. ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ५५ मीटर अंतर कापते. सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला तरी साडेपाच मीटर निघून जातात. पाहणाऱ्याला वाटते, इतका मोठा चालक आणि साधी घसरण सावरता आली नाही! वस्तुतः त्याने नेहमीच्याच तत्परतेने उत्तर दिलेले असते. प्रश्नच त्याच्यापर्यंत उशिरा आलेला असतो.

भाषेच्या अभ्यासात ह्या गोष्टीला समांतर असे एक तत्त्व सर्वपरिचित आहे. ‘त्या दोन मुली आल्या’ ह्या वाक्यात अनेकत्व किती वेळा सांगितले आहे? दर्शक सर्वनामाने एकदा, संख्यावाचकाने एकदा, नामाने एकदा आणि क्रियापदाने एकदा. चार शब्दांत चार वेळा. तर्काच्या दृष्टीने ही निव्वळ पुनरुक्ती. परंतु बाजारातल्या गोंगाटात ह्यांपैकी दोन शब्द ऐकू आले नाहीत तरी अर्थ पोहोचतो, तो ह्या पुनरुक्तीच्या बळावर. खरी गाडी चालकाशी अशा पुनरुक्तीने बोलते. सिम्युलेटर एकच गोष्ट एकदा किंवा फार तर दोनदा सांगतो, आणि तीही चालकाने ज्या दाराशी कान लावलेला नाही त्या दाराने.

ह्याच्या जोडीला लेखनाचा दाखला घ्यावा. ‘जग’ हे अक्षररूप कागदावर एकच आहे. पण विश्व ह्या अर्थी त्यातला ‘ज’ तालव्य आणि जगण्याच्या आज्ञार्थी तो दंततालव्य. लिपी हा भेद दाखवीत नाही. मराठी बोलणारा वाचक संदर्भ पाहून योग्य ध्वनी स्वतःच्या पदरचा घालतो, आणि आपण काही घातले ह्याची त्याला दादही नसते. सराव झालेला शर्यत-चालक सिम्युलेटरमध्ये नेमके हेच करू लागतो. हाताला स्टिअरिंग किंचित हलके लागले की पुढच्या चाकांची पकड सुटत आहे हे ओळखून, कंबरेला जे जाणवले असते ते तो मनाने भरून काढतो. ह्याला काही आठवडे लागतात, कोणाला अधिक. एकदा जमले म्हणजे मात्र त्याचे जुने ज्ञान त्याच्या उपयोगी पडते : ब्रेक कोठे लावावा, टायर कसे जपावे, पुढच्याच्या मागे वाऱ्याच्या आडोशाने कसे राहावे, ही सारी त्याला अवगतच असतात. फॉर्म्युला वनच्या चालकांसाठी त्याच वसंतऋतूत भरलेल्या मालिकेत जॉर्ज रसेल ह्याने सराव वाढवीत नेला व शेवटच्या चार शर्यती ओळीने जिंकल्या, ह्याचा उलगडा असाच होतो.

ज्याने भाषा पुस्तकातूनच शिकली त्याची गोष्ट निराळी. पडद्यापुढे वाढलेल्या मुलाला कंबरेचा संदेश ठाऊकच नसतो. म्हणून त्याला तो आठवतही नाही. दृश्याच्या कडेला क्षितिज एका केसाने सरकले तरी त्याचा हात चालतो. हिल आणि बायरन हे दोन्ही भाषा जाणणारे, खरे द्विभाषिक. तेव्हा ते जिंकले ह्यात नवल नाही.

आता अनवाणी पायांकडे. शर्यतीच्या गाडीतले ब्रेकचे पेडल खाली फारसे जात नाही. ते जवळजवळ दगडासारखे घट्ट असते व किती दाब दिला ह्यावर ब्रेक लागतो. चालकाच्या पायाची स्मृती ही दाबाची स्मृती असते, अंतराची नव्हे. घरगुती वापराची स्वस्त पेडले मात्र पाय किती अंतर खाली गेला तेवढेच मोजतात. अशा पेडलावर अनुभवी चालक पहिल्या वळणालाच चाके जखडून टाकतो, कारण तो ज्या मापात विचार करतो ते माप त्या यंत्रात नसते. महागड्या पेडलांत दाब मोजणारी घटिका बसविलेली असते व तेथे हा गोंधळ पुष्कळ कमी होतो. तरीही एक उणीव राहतेच. फॉर्म्युला वनच्या गाडीत जोराचा ब्रेक लावताना चालकाचे शरीर गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ पाचपट बलाने पुढे फेकले जाते. त्याच्या पायाचे वजनही पेडलावर येते व ब्रेकचा परिणाम त्याच्या छातीवरच्या पट्ट्यांना कळतो. घरच्या खुर्चीत पट्टा नाही, फेकले जाणेही नाही. म्हणून बूट काढून तळव्याच्या त्वचेला जेवढे कळेल तेवढे कळू द्यावे, हा उपाय सिम्युलेटरवर पुष्कळजण करतात. एक वाहिनी बंद झाली की दुसरी अधिक उघडावी, असा हा साधा हिशेब होय.

स्टिअरिंगचीही हीच कथा. साध्या चाकाची मोटर दोन-तीन न्यूटन-मीटर इतकेच पिळबल देते. मोटरीच्या दांड्यालाच थेट जोडलेली चाके वीसच्या आसपास वा त्याहून अधिकही देतात. बळ वाढले म्हणून हात अधिक दमतो हे खरे, पण मुख्य लाभ तो नव्हे. बळाचा पल्ला मोठा असला म्हणजे त्यात सूक्ष्म भेद अधिक मावतात. कुजबुज आणि आरोळी ह्यांच्यामधल्या सर्व पायऱ्या उमटतात. काही सिम्युलेटरांत आसन हलविण्याचीही सोय असते. आसन हळूच मागे कलंडवले आणि पडद्यावर वेग वाढताना दाखवला, तर अंतर्कर्ण गुरुत्वाकर्षणालाच त्वरण समजतो. युक्ती चतुर आहे. पण ती एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही, आणि आसनाची हालचाल दृश्याच्या मागे पडली तर मदत राहो बाजूला, मळमळ मात्र होते. डोळा म्हणतो चाललो आहे, कान म्हणतो बसलो आहे. ह्या भांडणात पोट मध्ये सापडते. नवागत अनुभवी चालकांना हा त्रास विशेष होतो, कारण त्यांच्या कानाची अपेक्षा अधिक पक्की असते.

सिम्युलेटर ही एकच भाषा आहे असेही समजू नये. आयरेसिंग, आरफॅक्टर २, आणि फॉर्म्युला वनच्या परवान्याने निघणारा खेळ ह्यांत टायरचे गणित वेगवेगळे आहे, आणि एकात मुरलेला चालक दुसऱ्यात अडखळतो. मॅक्स व्हर्स्टॅपन हा सिम्युलेटरचा निष्ठावंत. तरी २०२० मध्ये फॉर्म्युला वनच्या अधिकृत पडद्यावरील मालिकेत तो उतरला नाही, कारण ती ज्या खेळावर चालत असे त्याचा त्याला सराव नव्हता. बोलीभेदाचे महत्त्व त्याला ठाऊक होते.

येथवर जे सांगितले ते कौशल्याविषयी. पण चालकाच्या अंगी कौशल्याखेरीज आणखी एक गोष्ट असते व ती ह्या माध्यमांतरात मागे राहते, ती म्हणजे भय. भाषेची उपमा येथे तुटते, आणि ती ओढून ताणून पुढे नेण्यात अर्थ नाही. खऱ्या मार्गावर भिंत ही भिंत असते. शेजारच्या गाडीला किती जवळ जावे ह्याचा निर्णय केवळ नियमपुस्तक करीत नाही. दोघांच्या हाडांची काळजीही करते. पडद्यावर ही काळजी उरत नाही. नॅसकारच्या त्या मालिकेत तर मोडलेली गाडी ठराविक वेळा पुन्हा धडधाकट करून घेण्याची मुभाच होती.

परिणाम २ मे २०२० रोजी दिसला. इंडियानापोलिसच्या प्रतिरूपावर शर्यत चालू होती. सिमाँ पाजनो हा २०१९ साली तेथील ५०० मैलांची खरी शर्यत जिंकलेला फ्रेंच चालक. पाहुणा म्हणून आलेल्या लँडो नॉरिसच्या गाडीशी संबंधित एका गोंधळात त्याची गाडी आधी बिघडली. अखेरच्या फेऱ्यांत नॉरिस आघाडीवर असताना पाजनोने त्याच्या वाटेत येऊन वेग कमी केला व दोघांची टक्कर झाली. नॉरिसला अडवण्याचा बेत पाजनोच्याच थेट प्रक्षेपणात ऐकू आला होता. त्याला केवळ हळू करायला लावायचे होते, आदळवायचे नव्हते, असे त्याने नंतर सांगितले. शेवटच्या फेरीत पुढचेही एकमेकांवर आदळले आणि स्कॉट मॅक्लॉक्लिन जिंकला. इंडियानापोलिसच्या खऱ्या मार्गावर ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या वेगात पाजनोने असे केले असते, असे त्याचा शत्रूही म्हणणार नाही. म्हणजे जो संयम चालकाचा स्वभावगुण वाटत होता, तो काही अंशी भिंतीचा गुण होता.

ह्यावर असे म्हणता येईल की, भय नसल्यामुळे परिणामही नसतात. ते मात्र खरे नाही. ५ एप्रिलच्या ब्रिस्टल येथील शर्यतीत बब्बा वॉलेस हा चालक टकरीमुळे चिडून मध्येच उठून गेला, आणि त्याच्या एका पुरस्कर्त्या कंपनीने त्याच्याशी संबंध तोडला. पडद्यावरच्या भिंतीने हाड मोडत नाही, करार मोडतो.

ह्याहून बोलके प्रकरण डॅनिएल आब्ट ह्याचे. आब्ट हा विजेवर चालणाऱ्या गाड्यांच्या फॉर्म्युला ई ह्या स्पर्धेत आउडी कंपनीच्या संघाचा चालक. तेथेही साथीच्या काळात आरफॅक्टर २ वर मालिका सुरू झाली होती, व तिचा हेतू मुलांच्या मदतकार्यास निधी मिळवण्याचा होता. आब्टची आधीची कामगिरी यथातथाच होती. २३ मे रोजी बर्लिनच्या टेम्पलहोफ विमानतळावरील मार्गाच्या प्रतिरूपावर मात्र त्याचे नाव तिसऱ्या क्रमांकावर झळकले. ऑलिव्हर रोलंड पहिला व स्टॉफेल वान्डॉर्न दुसरा आला. शर्यत चालू असतानाच वान्डॉर्नने शंका बोलून दाखवली होती की, आब्टच्या नावाने दुसराच कोणी चालवीत असावा. शंका खरी ठरली. आसनावर सिम्युलेटरच्या शर्यतींत मुरलेला १८ वर्षांचा व्यावसायिक खेळाडू बसलेला होता. आब्टला बाद करण्यात आले, १०,००० युरो धर्मादाय कार्यास देण्याचा दंड झाला, आणि २६ मे रोजी आउडीने त्याला निलंबित केले. प्रेक्षकांसाठी गमतीची एक गोष्ट तयार करावी एवढाच आपला उद्देश होता, असे त्याने सांगितले. त्याची नोकरी मात्र गमतीची नव्हती, ती गेली. त्या वर्षीच्या उरलेल्या खऱ्या शर्यतींसाठी त्याला दुसऱ्या संघात जागा शोधावी लागली.

कंपनीने एवढी कठोरता दाखवावी काय, ह्याविषयी मतभेद होऊ शकतो. शिक्षा अपराधाच्या मानाने जड होती असे म्हणण्यास जागा आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळेच. वान्डॉर्नला कोणाचा चेहरा दिसला नव्हता. त्याला दिसली ती एका गाडीची वळणे घेण्याची रीत, आणि ती रीत त्या नावाला शोभत नव्हती. आपल्या संतवाङ्मयाच्या संशोधकांना हा प्रसंग परका वाटू नये. नाममुद्रा एका संताची, पण शब्दकळा आणि घडण दुसऱ्याच कोणाची, असे प्रक्षिप्त अभंग ओळखताना हीच कसोटी लावतात. फरक एवढाच की, प्रक्षिप्त रचना सामान्यतः मूळ कवीहून फिकी असल्यामुळे पकडली जाते. आब्ट पकडला गेला तो त्याच्या नावावरची रचना फार चांगली होती म्हणून. जगातील नामांकित चालकांच्या पंक्तीत एक अठरा वर्षांचा मुलगा चांगल्या चालवण्यामुळे उघडा पडावा, हे त्या माध्यमाविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

उलट दिशेची ये-जा ह्याआधीच सुरू झाली होती. २०१९ च्या जानेवारीत मेक्सिको सिटी येथे भरलेल्या चॅम्पियनांच्या शर्यतीत एन्झो बोनितो ह्या सिम्युलेटरच्या खेळाडूने खऱ्या गाडीत बसून लुकास दि ग्रासीला हरवले. दि ग्रासी हा फॉर्म्युला ईचा माजी विजेता आणि पुढे त्या प्रकरणाच्या काळात आब्टचा संघसोबती. एका लहान मार्गावरच्या एका झुंजीवरून फार मोठा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. परंतु वाचून शिकलेली भाषा बोलताच येत नाही, हे मत तेवढ्याने निकालात निघाले. खऱ्या शर्यती १७ मे २०२० रोजी डार्लिंग्टन येथे सराव-फेऱ्यांवाचून पुन्हा सुरू झाल्या व ती शर्यत केव्हिन हार्विकने जिंकली. हार्विकचे बळ सिम्युलेटरमध्ये नव्हते. बायरनला आपला सर्वोच्च मालिकेतला पहिला खरा विजय त्याच वर्षी २९ ऑगस्टला डेटोना येथे मिळाला.

त्यानंतरच्या वर्षांत ही ये-जा वाढली, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण व्हर्स्टॅपनचेच आहे. १९ मे २०२४ च्या रविवारी त्याने इमोला येथे फॉर्म्युला वनची खरी शर्यत जिंकली. त्याच शनिवार-रविवारी सिम्युलेटरवर नुर्बुर्गरिंगची चोवीस तासांची शर्यत चालू होती. तीतही आपल्या संघासाठी त्याने रात्रीची पाळी केली होती आणि तीही त्याच्या संघाने जिंकली. त्याच वर्षी हंगेरीतील शर्यतीच्या आदल्या रात्री तो उत्तररात्रीपर्यंत पडद्यापुढे बसला, दुसऱ्या दिवशी त्याची शर्यत बिघडली, आणि जागरणावर टीका झाली. दोन्ही प्रसंगी त्याने केले ते एकच होते. टीका मात्र हरल्यावरच झाली.

जर्मनीतील नुर्बुर्गरिंगचा उत्तर वळसा वीस किलोमीटरहून अधिक लांब आणि अतिशय बिकट. व्हर्स्टॅपनने सिम्युलेटरवर तेथे असंख्य फेऱ्या मारल्या होत्या. २०२५ मध्ये खऱ्या गाडीतून तेथे शर्यत करण्याची त्याची इच्छा झाली तेव्हा परवान्याचा प्रश्न आला. नियमाला सिम्युलेटरच्या फेऱ्या माहीत नव्हत्या. चार वेळच्या विश्वविजेत्याला लेखी पाठ घ्यावे लागले आणि १३ सप्टेंबर रोजी शक्ती कमी केलेल्या एका लहान पोर्शे गाडीत नवशिक्यासारख्या फेऱ्या पुऱ्या कराव्या लागल्या. त्याच्याबरोबर त्याच गाडीत क्रिस लुलम हा त्याच्या सिम्युलेटर-संघातून खऱ्या शर्यतीकडे वळलेला इंग्रज तरुण होता. परवाना मिळाल्यावर दोनच आठवड्यांनी, २७ सप्टेंबरला, ह्या दोघांनी तेथे फेरारी गाडीतून चार तासांची शर्यत जिंकली.